चार दिवसांचे ओझे : मांडवा ते महाड, सायकलवर

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही सहा जण मुंबईहून सायकलने महाडला गेलो. २२ तारखेच्या रविवारी पहाटे निघालो आणि २५ तारखेला दुपारी चवदार तळ्यावर पोहोचलो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात काय जाळले गेले, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. बुधवारी नाताळची सुट्टी होती. सोमवार-मंगळवारच्या दोन किरकोळ रजा टाकल्या की चार दिवस होत होते, आणि साहेबांनीही कुरकुर न करता सही केली.

परत आल्यापासून वस्तीतली मुले भेटली की एकच विचारतात, "काय काय नेलं होतं?" समुद्र कसा होता, रस्ता कसा होता हे कोणी विचारत नाही. त्यांचे बरोबरच आहे. सायकल चालवायला सगळ्यांनाच येते. पण चार दिवस घर सोडायचे, तीन रात्री उघड्यावर काढायच्या आणि लागेल ते सगळे दोन चाकांवर लादायचे, हे आमच्यापैकी कोणी कधी केले नव्हते. म्हणून सामानाचीच हकीगत लिहितो आहोत. रस्ता मधूनमधून येईल.

सहा जण असे. सर्वांत मोठे काका, वय ६७, बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. नंतर आम्ही, कचेरीतले कारकून. एक वेल्डर, एक घरोघर पार्सल पोचवणारा पोरगा, एक नर्सिंग शिकणारी मुलगी आणि आमची अकरावीतली कन्या. सायकली सहा, पण मापे दोन. काकांची आणि वेल्डरची २८ इंची काळी साधी सायकल, बाकीच्या चार २६ इंची, त्यातल्या दोन गिअरच्या. ही दोन मापे पुढे आम्हाला चांगलीच भोवली, ते ओघात सांगू.

निघण्याच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी आपापले सामान समाजमंदिरात आणून मांडले. भंगारवाल्याकडून काटा मागून आणला होता. आम्ही बी. कॉम., आयुष्य जमाखर्चात गेले, तेव्हा वही आमच्याकडे आली. रकाने तीन : वस्तू, वजन, कोणाची. दोन तास वजन करणे चालले होते. बेरीज आली ११२ किलो, आणि त्यात पाणी धरलेले नव्हते.

वही वाचून दाखवली तेव्हा हसू लोटले. सहा घरांतून सहा खोबरेल तेलाच्या बाटल्या आल्या होत्या. सहा टूथपेस्ट, सहा साबण, सहा आरसे, चार नेलकटर. स्टीलचे डबे एकोणीस. दोन उशा. मोठा टॉवेल प्रत्येकाचा. वेल्डरने दोन किलोचा हातोडा आणला होता. कशाला, म्हटले तर म्हणाला तंबूचे खुंटे ठोकायला. पोरग्याने गाणी वाजवायचा डबा आणला होता, तो काट्यावर सव्वा किलो भरला. आमच्या सौभाग्यवतींनी कन्येच्या पिशवीत तीन किलोचा लाडवांचा डबा ठेवला होता, त्यात लाडू दीड किलो आणि बाकीचा पितळी डबाच.

सहा संसार वेगवेगळे निघाले होते. त्यांचा एक संसार केला आणि ओझे पहिल्या तासातच वीस किलोने उतरले. तेल एक बाटली, पेस्ट एक, साबण एक, आरसा एक. टॉवेलऐवजी पंचे. लाडू प्लास्टिकच्या पिशवीत. डबे गेले, त्याऐवजी एक पातेले, एक तवा, सहा ताटल्या आणि पेले. उशा गेल्या, कपड्यांची पिशवी डोक्याखाली घेतली की झाले. ज्याला हे पटेना त्याला काका एकच सांगत, "तू ती चढावर नेशील का? मग ठेव." कपड्यांचे ठरले ते असे : एक जोड चालवायचा, एक झोपायचा. चालवायचा जोड शक्यतो सिंथेटिक, कारण समुद्राच्या हवेत घामाने भिजलेले सुती कापड सकाळपर्यंत वाळत नाही आणि ओला बनियन घालून निघाले की काखा सोलवटतात. हे नर्सिंगवाल्या मुलीने सांगितले आणि पहिल्याच दिवशी न ऐकणाऱ्यांना, म्हणजे आम्हाला, कळले.

तिसरा जोड पांढरा, महाडसाठी. वस्तीतून २५ तारखेला टेम्पो येणार होता, तेव्हा पांढरे कपडे टेम्पोतून पाठवावेत असे आम्ही सुचवले. सहा जोडांचे वजन अडीच किलो होत होते. पण मुली ऐकेनात. टेम्पोला उशीर झाला तर? मळक्या कपड्यांनी तळ्यावर जायचे? अडीच किलो मान्य झाले. पोरग्याने पार्सलच्या प्लास्टिकमध्ये ते असे गुंडाळून चिकटवून दिले की, पाण्यात पडले असते तरी भिजले नसते.

बेरीज ६८ किलोवर आली. त्यात दोन तंबू होते आणि खरा वाद तिथे झाला.

तंबू दोन्ही उसने आणलेले, तिघांचा एकेक, एकाचे वजन तीन किलो दोनशे, दुसऱ्याचे साडेतीन. शिवाय खाली घालायच्या ताडपत्र्या. आमचे म्हणणे असे होते की, मुलींसाठी एक तंबू न्यावा आणि बाकीच्यांनी पथारीवर भागवावे. कोकणात सायकलने फिरलेल्या लोकांचे लेख आम्ही वाचले होते. शाळेचा व्हरांडा मिळतो, देवळाचा सभामंडप मिळतो, गावकरी प्रेमळ असतात, पडवी देतात, वर जेवायलाही घालतात, असे त्यात लिहिलेले असते. ते वाचून दाखवले.

काका म्हणाले, "त्यांना देतात."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग काका पाण्यावर आले. माणशी तीन लिटर न्यायचे, असे त्यांचे म्हणणे. एक लिटर म्हणजे एक किलो, सहा जणांचे अठरा किलो झाले. आम्ही वही पुढे करून सांगितले की, हा किनाऱ्याचा रस्ता आहे, दर पाच-दहा किलोमीटरला गाव आहे, टपरी आहे, बाटली विकत मिळते. एक लिटर जवळ असले तरी पुरे. काकांनी वही बाजूला सारली. म्हणाले, "पाणी न्यायचं. मागायचं नाही." त्यांच्या गावी लहानपणी ओंजळीत वरून पाणी ओतत, एवढे आम्हाला माहीत होते. त्याहून जास्त ते कधी सांगत नाहीत.

बाबासाहेबांनी लहानपणीचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. भावंडे साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली होती. नवे कपडे अंगावर, सोबत भरपूर खाण्याचे. मसूर स्टेशनवर उतरली, न्यायला कोणी आले नाही, बैलगाडी केली. रात्री डबे भरलेले होते पण पाणी कुठे मिळेना, आणि पाण्याविना घास उतरेना. मुले उपाशी झोपली. आमच्या कन्येने हे शाळेत असतानाच वाचले होते. तिनेच त्या दिवशी समाजमंदिरात आठवण काढली आणि वहीत आम्ही निमूट लिहिले : पाणी, १८ किलो. तंबू, दोन्ही.

वेल्डरला सायकलच्या हँडलला निळा झेंडा लावायचा होता. झेंड्याला काही वजन नाही, असे तो म्हणाला. काका नुसते हसले. झेंडा घेतला.

आता सामान भरण्याचे. बाजारात सायकलच्या पिशव्या मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून परत आलो. वस्तीत शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पिशव्या शिवून दिल्या. फ्लेक्स भिजत नाही, फाटत नाही आणि दर महिन्याला कोणा ना कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस असल्याने तुटवडा नाही. पुढाऱ्याचे तोंड आतल्या बाजूला घेतले. प्रत्येक कॅरिअरवर दोन पिशव्या, घोड्याच्या खोगिरासारख्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या. चाकाच्या तारांत पिशवी घुसू नये म्हणून वेल्डरने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सळईच्या चौकटी जोडून दिल्या. हे काम न करता कोणी निघू नये. पिशवी चाकात गेली की माणूस तोंडावर पडतो.

जड वस्तू तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारखी. आम्ही ताणकाट्याने दोन्ही पिशव्या तोलून घेत होतो, अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. पाणी, तांदूळ, हत्यारे खाली. कपडे वर. तंबू कॅरिअरवर आडवा, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून. सुतळी सैल पडते, नायलॉनची दोरी सरकते, ट्यूबची पट्टी मात्र ताणून बांधली की खड्ड्यातही हलत नाही. हँडलला फक्त हलके, म्हणजे बॅटरी, पंचा, गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी. भरलेली सायकल घेऊन आदल्या रात्री सगळ्यांनी उड्डाणपुलावर एक फेरी मारली. भरलेली सायकल रिकाम्या सायकलसारखी वागत नाही. उतारावर ब्रेक उशिरा लागतो, वळताना मागचा भाग वेगळ्याच विचारात असतो. उभी करायलाही भिंत लागते.

खाण्यात तांदूळ, मूगडाळ, कांदे, मीठ-मसाला, सुकटीची चटणी, लाडू आणि पहिल्या दीड दिवसाच्या भाकऱ्या. रेशनवरच्या रॉकेलचे दिवस गेले, त्यामुळे स्टो गेला. छोट्या डब्यावर बसणारी गॅसची शेगडी घेतली. दुपारी खानावळ आणि रात्री खिचडी असे धोरण ठेवले. खानावळीत पैसे मोजले की प्रश्न नसतो.

हत्यारांची पिशवी काकांची. पंक्चरचे सोल्युशन, रबराचे तुकडे, काचकागद, टायर काढायच्या पट्ट्या, पान्हे, पक्कड, ब्रेकची रबरे आणि तार, तेलाची कुपी, पंप. ट्यूब दोन्ही मापांच्या घेतल्या, ते लक्षात राहिले. जुन्या काळ्या सायकलीचा वॉल्व्ह रबरी नळीचा आणि नव्या सायकलीचा मोटारसायकलसारखा, म्हणून पंपाला दोन्ही तोंडे लागतात, तेही लक्षात राहिले. वहीत आम्ही "स्पोक, नग ६" असे लिहिले. कचेरीत नग लिहून माप न लिहिणाऱ्याला आम्ही फाईल परत पाठवतो.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे. सायकली तीत सरळ चढवता आल्या. सुमारे तासाभरात मांडवा, तिथून अलिबाग, पुढे चौल-रेवदंड्याच्या सुपारीच्या वाड्यांमधला अरुंद रस्ता, मग कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव आणि संध्याकाळी काशीद. पन्नासेक किलोमीटर झाले. पहिला मुक्काम एका खानावळीच्या मागच्या वाडीत, पैसे देऊन.

त्या रात्री तीन धडे मिळाले. वाळूत तंबूचे खुंटे धरत नाहीत. वारा सुटला की तंबू पतंगासारखा उठतो. काकांनी तांदळाची रिकामी पिशवी मागितली, तीत वाळू भरली, दोरी बांधली आणि पिशवीच खड्ड्यात पुरली. ती हलली नाही. बाकीच्या कोपऱ्यांनाही तेच केले. वेल्डरचा हातोडा घरी राहिला याचे दुःख तेव्हा संपले. दुसरा धडा, नारळाच्या झाडाखाली तंबू ठोकू नये. वाडीच्या मालकाने आम्हाला तिथून उठवले आणि वर बोट दाखवले. तिसरा, दव. डिसेंबरात कोकणात पाऊस नसतो म्हणून आम्ही वरचे कापड घातले नाही. पहाटे चारला सगळे ओले. आतला श्वासही कापडाला लागून पाणी होतो, म्हणून वरचे कापड घालायचे आणि तोंडाची चेन थोडी उघडी ठेवायची. चेनवरून आठवले, सायकलच्या चेनला एका रात्रीत तांबूस रंग चढला होता. किनाऱ्यावर रोज सकाळी फडक्याने वाळू पुसून तेलाचे बोट फिरवावे लागते.

दुसऱ्या दिवशी मुरुड. समुद्रातला जंजिरा रस्त्यावरूनच पाहिला. आगरदांड्याहून दिघीपर्यंत जंगलजेट्टीतून खाडी ओलांडली. मोटारी, म्हशीचा टेम्पो, मासळीच्या टोपल्या आणि आमच्या सायकली एकाच फळीवर. कन्या म्हणाली, चार दिवसांतला हा सगळ्यात सोपा चढ.

त्या संध्याकाळी एका गावात, गावाचे नाव लिहीत नाही, शाळेच्या मैदानात तंबू ठोकायची परवानगी मागितली. तिथल्या शिपायाने आधी "ठोका की" म्हटले. जागाही दाखवली, नळ दाखवला. मग वहीत नावे लिहायला सांगितली. आम्ही सहाही नावे आडनावांसह लिहिली. त्याने वही वाचली, हँडलच्या झेंड्याकडे पाहिले आणि हेडमास्तरांना विचारावे लागेल म्हणाला. हेडमास्तरांचा फोन लागला नाही. अर्धा तास थांबून आम्ही निघालो. कारण आडनाव होते की नियम होता, हे आम्हाला छातीठोक सांगता येणार नाही. खरोखरच नियम असेल. पण ते न कळणे हेच पिशवीत बसून पुढे सोबत येते. अंधार पडल्यावर दिवेआगरच्या सुरूच्या बनाजवळ जागा मिळाली. दोन्ही तंबू होते, पाणी होते, खिचडी झाली. काका काही बोलले नाहीत, हे त्यांचे आमच्यावर उपकार. बॅटरीच्या उजेडात कन्येने विचारले, "बाबा, पुन्हा कोणी नाव विचारलं तर?" आम्ही म्हटले, "आहे ते सांगायचं." एवढे बोलायला आम्हाला मात्र जरा वेळ लागला.

तिसरा दिवस पाहण्याचा होता. दिवेआगरहून भरडखोल, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की भरतीला तुषार अंगावर यावेत. भरडखोलला होड्या आणि वाळत घातलेली मासळी. वासाने वेल्डरला गावाकडची आठवण आली आणि त्याने पाव किलो सुके बोंबील घेऊन वहीतले वजन वाढवले. श्रीवर्धनला दुपारचे जेवण करून समुद्र सोडला. म्हसळ्याकडचा रस्ता चढ-उताराचा. इथे पोरग्याच्या मागच्या चाकातून टणकन आवाज आला, मग आणखी एक, आणि चाक ब्रेकला घासू लागले. दोन स्पोक तुटले होते.

काकांनी हत्यारांची पिशवी उघडली. सहा स्पोक निघाले, सहाही २८ इंची. सायकल २६ इंची. काकांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही वहीकडे. चूक आमची. शिवाय तुटलेले स्पोक फ्रीव्हीलच्या बाजूचे, ते बदलायला फ्रीव्हील उघडावे लागते आणि त्याचे हत्यार जवळ नव्हते. काकांनी तुटलेल्या तारा शेजारच्या तारांना गुंडाळल्या, आसपासच्या ताणून-सैल करून चाकाचा जमेल तेवढा आऊट काढला, मागचा ब्रेक मोकळा सोडला. मग सामान उतरवले तेव्हा उलगडा झाला. पोरग्याच्या उजव्या पिशवीत पाण्याचे तीन कॅन निघाले. स्वतःचा एक, बाकी दोन मुलींचे. चढाला त्यांना जड जाते म्हणून सकाळी त्याने गुपचूप घेतले होते आणि तिन्ही एकाच बाजूला टाकले होते. मुली त्याला खूप बोलल्या. त्याचे सामान पाच जणांनी वाटून घेतले, तंबू आमच्या वाट्याला आला, आणि साडेतीन किलो म्हणजे काय ते वहीत लिहिण्यापेक्षा पायाला जास्त नीट कळते हे लक्षात आले.

या घोळात दीड तास गेला. सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. म्हसळा गाठणे शक्य नव्हते. रस्त्याच्या एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार, तंबूला सपाट जागा नाही. थोडे पुढे एकच घर लागले. सारवलेले अंगण, एक म्हातारी सुपारीचे सूप आत नेत होती. काका मागे राहिले. आम्ही पुढे होऊन अंगणाच्या कडेला तंबू ठोकू का विचारले.

"कुठनं आलाव?" मुंबईहून, म्हटले.

"इतक्या लांबनं सायकलीवर? आणि पोरीबी?" तिने मुलींकडे पाहिले, झेंड्याकडे पाहिले. "कुणाची म्हणायची तुम्ही?"

आम्ही तोंड उघडायच्या आत कन्या म्हणाली, "आजी, आम्ही बौद्ध. उद्या पंचवीस तारीख ना, महाडला चाललोय."

म्हातारी काही न बोलता आत गेली. दोन मिनिटे गेली असतील. वेल्डरने सोडायला घेतलेली ट्यूबची पट्टी पुन्हा आवळली. पोरगा सायकल वळवू लागला. तेवढ्यात ती बाहेर आली, हातात दोरी लावलेला पोहरा.

"विहीर मागं हाय. कठडा एका बाजूनं पडलाय, त्या अंगाला जाऊ नका. तुमचं तुम्ही काढून घ्या, माझ्यानं वढवत न्हाय आता."

पोहरा काकांनी घेतला. आम्ही तंबू लावत होतो. मागून रहाटाचा आवाज येत होता, बराच वेळ येत होता. काकांनी सगळ्यांच्या बाटल्या भरल्या, पातेले भरले, म्हातारीची दोन पिंपेही भरून दिली. ती नको नको म्हणत होती. त्यांचा स्वतःचा कॅन मात्र सायकलला तसाच लटकलेला, मुंबईच्या पाण्याने भरलेला. विहिरीचे पाणी ते प्यायले की नाही, आम्ही पाहिले नाही आणि विचारलेही नाही. रात्री बोंबील भाजले. म्हातारीने तांदळाच्या चार भाकऱ्या आणून दिल्या, सौभाग्यवतींचे शेवटचे लाडू तिला दिले. मुंबईत तिचा मुलगा आहे, वॉचमन. तो कुठल्या भागात राहतो हे तिला नीट सांगता आले नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. म्हसळा, मग माणगाव. माणगावला दुकान उघडायची वाट पाहून २६ इंची स्पोक टाकून घेतले. पुढे महामार्ग. तिथे ट्रक अंगावरून जातात. सायकलच्या मागे लाल चकचकीत पट्टी आणि सगळ्यांनी एकामागे एक, याशिवाय त्या रस्त्यावर उतरू नये. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाजवळ दहा मिनिटे थांबलो. पोरग्याला ते फाटकातून पाहायचे होते. दहावीनंतर त्याचे शिक्षण सुटले आहे.

महाडच्या अलीकडे एका पंपावर हातपाय धुऊन पांढरे कपडे घातले. प्लास्टिकमधून काढले तेव्हा चार दिवसांच्या घड्या पडलेल्या होत्या, पण डाग एक नव्हता. टेम्पो आलेला नव्हता. तो आला चारला. मुलींनी आमच्याकडे पाहिले, एवढेच. तळ्यावर गर्दी होती. त्या गर्दीविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आम्ही लिहीत नाही. काका पायऱ्यांवर बराच वेळ बसून होते. रात्री सायकली टेम्पोत आडव्या टाकल्या आणि त्यांच्यावरच आम्ही झोपलो.

पुढच्या रविवारी समाजमंदिरात वही पुन्हा उघडली. न वापरलेल्या वस्तूंवर लाल रेघा मारल्या : तवा, दुसरी बॅटरी, वेल्डरची जीनची पँट, आमची छत्री. कमी पडलेल्या वस्तू खाली लिहिल्या : स्पोक दोन्ही मापांचे, प्रत्येकी सहा, फ्रीव्हील काढायचे हत्यार, कपडे वाळत घालायच्या चापा, सुई-दोरा. मोठा तंबू पुढच्या वेळी न्यायचा की नाही यावर एकमत झाले नाही, तिथे प्रश्नचिन्ह आहे. पाण्यापुढे आम्ही माणशी दीड लिटर लिहिले. काकांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि दीडचे पुन्हा तीन केले. त्याच्या खालच्या ओळीत कन्येने लिहिले आहे : विहिरीसाठी दोरी, पंधरा मीटर, वजन अर्धा किलो.